बावन्न माणसांचा कॅट

छापखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. कटिंग मशीनखाली कागदाची कातरण साचते तसे ते आपोआप साचतात. लग्नपत्रिकेत आत्याचं नाव राहिलं म्हणून रडणारे, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि आपला लहान का म्हणून भांडणारे, सगळे हिंगोलीतल्या माझ्या दुकानाच्या काउंटरवर येऊन जातात. वीस वर्षं ऐकतेय. एरवी मी हसून सोडून देते.

पण गेल्या वर्षी आम्ही पत्त्यांचा कॅट करायला घेतला आणि माझं हसणं बंद झालं! एवढा संताप मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काही टेन्शन?" म्हटलं, "बावन्न आहेत. कुठल्यापासून सांगू?"

दुकानात आम्ही तिघं. मी, मशीन आणि कटिंग बघणारे साजिदभाई, आणि गंगाधर पेंटर. पेंटरकाका शिरड शहापूरचे, साठी ओलांडलेले. एके काळी वसमतपासून सेनगावपर्यंत दुकानांच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आला आणि पाट्या संपल्या. तो फ्लेक्स माझ्याच दुकानात छापला जात होता, त्यामुळे मला काही चैन पडेना. एक दिवस त्यांना बोलावलं आणि सांगितलं, "काका, इथं बसा. नंबरप्लेट काढा, मूर्त्या रंगवा, काय वाटेल ते करा."

माणूस कसा, ते एका पाटीवरून सांगते. एका डेअरीवाल्याने पाटी सांगितली होती, 'अस्सल दूध मिळेल.' काकांनी आधी 'दूध मिळेल' रंगवलं, मग आत जाऊन पेलाभर दूध मागितलं, प्यायलं आणि ब्रश धुऊन ठेवला. मालक ओरडला, "अहो, 'अस्सल' राहिलं!" काका म्हणाले, "जागा सोडलीय. ज्या दिवशी व्हईल त्या दिवशी बोलवा, येऊन लिवतो."

ती पाटी अजून तशीच आहे. पुढची जागा मोकळी!

*

कॅटची सुरुवात माझ्याच रागातून झाली. समोरच्या हॉटेलात चौघे रोज दुपारी पत्ते कुटतात. एकदा वाऱ्यावर त्यांचा एक पत्ता उडून माझ्या पायरीवर आला. उचलला, तर बदामचा राजा. पिवळी दाढी, अंगात गालिच्याचा झगा, आणि स्वतःची तलवार स्वतःच्याच डोक्यात खुपसून उभा! म्हटलं, हा बाबा कोण? ह्याचं गाव कुठलं? ह्याने जन्मात हळद उकडताना पाहिलीय का? पिढ्यान्‌पिढ्या आपण ह्याला उरावर घेऊन बसलोय. अख्ख्या जिल्ह्यात पत्त्यावर शोभेल असं एक तोंड नाही?

"पेंटरकाका, आपला कॅट काढायचा. आपली माणसं, तुमची चित्रं."

"काढू की," काका म्हणाले. "पर म्या जल्मात पत्ता हातात धरला न्हाई. आमच्या बाच्या धाकानं. तुमी समजावून सांगा."

समजावायला बसले. चार रंग सांगितले. ते त्यांनी दुसऱ्या दिवशीच बदलून आणले. इस्पिकच्या जागी नांगराचा फाळ, किलवरच्या जागी कापसाचं बोंड, बदामच्या जागी विड्याचं पान, चौकटच्या जागी गोधडीचं ठिगळ. आकार तेच आणि चीज आपली! मी तर बघतच राहिले.

मग राजे सांगितले. "चार राजे? येका गावात? ताई, रोज मारामारी व्हईल!" तरी ते कबूल झाले. राणी कबूल झाली. गुलामापाशी गाडी अडली.

"गुलाम म्हंजी?"

"राजाचा नोकर, काका."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "ह्ये म्या न्हाई काढणार. ज्या माणसाला म्होरं बसवून काढीन, त्यो उद्या इचारल, गंगाधर, मला गुलाम काहून केलं? काय सांगू त्याला?"

"अहो, पत्त्याचं नावच आहे ते!"

"मंग नाव बदला."

"बराबर बोल रहे काका," साजिदभाई मशीनमागून म्हणाले. झालं, दोघं एकीकडे झाले. आमच्या कॅटमध्ये गुलाम नाही. राजा, राणी आणि जोडीदार.

पुढे एक स्टेशनरीवाला डीलर नमुना बघायला आला. पत्ते चाळून म्हणाला, "मॅडम, सगळं मस्त आहे, पण गुलाम पाहिजे बरं का. गुलाम नसला की लोकांना खेळल्यासारखं वाटत नाही."

म्हटलं, "तुम्ही बसता का? अर्ध्या तासात काढून देतील."

*

आठ महिने लागले. काका एसटीने गावोगाव हिंडायचे, माणूस हेरायचे, त्याच्या दारात बसून चित्र काढायचे. मेंढ्या राखणारे, हळद शिजवणाऱ्या बाया, पंक्चर काढणारा, टपाल वाटणारी पोरगी. निघताना प्रत्येकाला शब्द देऊन यायचे, "तुमाला छापणार. हाय तसं छापणार." एकदा मला म्हणाले, "ताई, बावन जणांना जबान दिलीय. ह्यातलं येक जरी मानूस गळलं का बदललं, तर मला कुणाच्या दारात उभं राहता येणार न्हाई. माहं इमान त्येच हाय आता. पाट्या तर गेल्या."

हे ऐकलं त्या दिवसापासून तो कॅट माझाही झाला. कागद माझा, मशीन माझं, छापायचा म्हणजे छापायचा!

आणि मग लागली की रांग! मेला जो तो, माणूस बदलायलाच येतोय.

पहिले आले डोंगरकड्याचे केळीचे व्यापारी. नाव कशाला घेऊ, भाऊसाहेब म्हणू. सोबत पुतण्या. भाऊसाहेब म्हणाले, "हजार कॅट मी घेतो. दिवाळीला वाटतो. फक्त राजा मला करायचं."

"राजा भरला," काका मान वर न करता म्हणाले. फाळाच्या राजाच्या जागी मारोतराव होते, खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू. भाऊसाहेबांनी ते चित्र बघितलं आणि म्हणाले, "हा? हा तर मेंढरं राखतो!"

"व्हय. म्हणूनच. त्याला आपली मेंढरं नावानिशी ठाव हायत. तुमी तुमच्या माणसांची नावं सांगता का?"

भाऊसाहेब लाल झाले. पण माणूस व्यापारी. "बरं, राजा राहू द्या. एक्का तर राजाला पण मारतो ना? मग मला एक्का करा."

आता एक्क्याची गंमत अशी, की मी काकांना सांगितलं होतं, एक्का दिसायला सगळ्यात लहान, पण सगळ्यांना हरवतो. काका म्हणाले होते, "मंग त्ये लेकरूच," आणि चारही एक्क्यांवर चार तान्ही लेकरं काढली होती. एक झोळीत, एक आजीच्या मांडीवर, एक रडतंय, एक उताणं पडून पायाचा अंगठा चोखतंय.

काकांनी चारही एक्के भाऊसाहेबांपुढे मांडले आणि शांतपणे म्हणाले, "बसवतो तुमाला. पर लंगोट घालावा लागल."

साजिदभाई हसू लपवायला मशीनखाली शिरले. पुतण्याला राग आला. त्याने मोबाईल काढला. "काका, हे असलं आता एआय दोन मिनिटांत करतं. आठ महिने काय करत होतात?" आणि स्क्रीनवर एक राजा दाखवला. काय तो फेटा, काय त्या मिशा, मागे किल्ला, सूर्य बुडतोय!

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ निरखून बघितलं.

"झकास हाय. हाताला सा बोटं हायत. कुणाच्या घरचा ह्यो?"

पुतण्याने मोबाईल खिशात घातला. हजार कॅटची ऑर्डर गेली. जाऊ दे, गेली तर!

*

आता माझ्या स्वतःच्या रागाचं सांगते, कारण ह्यात मीही शहाणी नाही.

बावन्न चित्रं पूर्ण झाली. काकांनी गठ्ठा काउंटरवर ठेवला. साजिदभाईंनी हौसेने पिसायला घेतला आणि थांबले. एक पत्ता पालथा धरून म्हणाले, "टपाल की पोरी." उलटला, तर टपालवाली पोरगी! दुसरा पालथा धरला. "ये मारोतराव." उलटला, तर मारोतराव!

"ताई, ये तो पीछे से भी मालूम पडरा!"

मी गठ्ठा हिसकावून घेतला. काकांनी पुढून एकेक माणूस काढला होता आणि मागून तोच माणूस पाठमोरा. मारोतराव पुढून, मारोतराव मागून. पंक्चरवाल्याच्या सदऱ्यावरचा ग्रीसच्या हाताचा ठसा मागून. हळदवाल्या बाईचा पिवळा झालेला पदर मागून. बावन्न पत्त्यांच्या बावन्न वेगळ्या पाठी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका! हे काय केलंत? पत्ते मागून सगळे एकसारखे असतात! समोरच्याला कळू नये म्हणून!"

"तुमीच म्हनलात, मागून बी रंगवा."

"मागून एकच डिझाइन! सगळ्यांना एकच!"

"बावन माणसं मागून येकसारखी कशी असतील, ताई?" त्यांना खरंच कळेना. "माणूस आपल्याकडं येताना दिसतो तेवढाच जाताना बी दिसतो. निम्मा छापायचा व्हय?"

"अहो, खेळ आहे हा! हातातलं लपवायचं असतं!"

"लपवायचं? मंग आधीच सांगायचं ना. म्या तर दाखवायला काढलं."

मी नको नको ते बोलले. आठ महिने वाया गेले म्हणाले. काकांनी ब्रश गुंडाळले आणि गेले. पाच दिवस आले नाहीत. साजिदभाई माझ्याशी मोजकंच बोलत होते, चहासुद्धा स्वतःच जाऊन पिऊन यायचे.

*

सहाव्या दिवशी मी म्हटलं, बघू तरी. डिजिटलवर चार कॅट नमुन्याला काढले आणि एक समोरच्या हॉटेलातल्या चौघांना दिला. आमच्याकडे मेंढीकोट चालतो, दश्श्या पकडायचा खेळ. दोघं विरुद्ध दोघं.

पहिल्या डावाला कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या डावात आलं. तिसऱ्या डावात सगळे एकमेकांचे पत्ते तोंडपाठ सांगत होते. "तुह्याकडं मारोतराव हाय, टाक की!" "माहं काय बघून राहिला बे, तुहं बघ!" आरडाओरडा असा, की रस्त्यावरची माणसं थांबली.

त्या चौघांत गणपतराव म्हणून आहेत. रिटायर्ड. मांडीखाली पत्ता लपवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. तालुक्याला माहीत आहे, तरी दरवेळी लोक त्यांच्याशी खेळतात. ते पत्ते आपटून उठले आणि थेट माझ्या दुकानात आले.

"बाई, हा कॅट बंद करा! ह्याच्यात बेइमानी करायला जागाच न्हाई. माणसानं खेळावं कसं?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं होतं. पण मला तेव्हा हसू नाही आलं. म्हटलं, संपलं. मागची बाजू एकसारखी करावी लागणार, आणि हे काकांना सांगायचं मलाच.

*

पण सांगायची वेळ आली नाही, कारण मध्ये पुण्याचा एक गिफ्टवाला टपकला.

कुणीतरी त्याला फोटो पाठवले होते. गाडी घेऊन आला. काकाही त्या दिवशी आले होते, आपले ब्रशचे डबे न्यायला. गिफ्टवाला एकेक पत्ता बघून "वाव, वाव" करत होता. मला वाटलं, चला, कदर करणारा भेटला.

"मॅडम, कन्सेप्ट सुपर आहे. फक्त दोन बारीक चेंजेस. एक म्हणजे फेसेस थोडे उजळ करू. शहरात डार्क चालत नाही."

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "उजळ करतो की. साहेबांना चैत्रापासून चार महिने आमच्या माळावर उभं करा. मंग दोघांचा रंग समोरासमोर ठिवून मिळवतो."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनोदी आहे! "आणि दुसरं, बॅकसाइड. ही माणसं काढून टाका आणि सगळीकडे वारली टाका. रूरल आहे ना, वारली एकदम मस्त जाते."

"वारली?" मी विचारलं. "हिंगोलीत?"

"हो, म्हणजे, व्हिलेज फील!"

"अहो, वारली चित्रं वारल्यांची आहेत. ते राहतात कुठं, आम्ही राहतो कुठं! मधे अख्खा महाराष्ट्र आहे!"

"कस्टमरला काय कळतंय मॅडम? गाव ते गाव."

गाव ते गाव! बास. माझं डोकं फिरलं ते तिथं. आठ महिने हा माणूस एसटीने हिंडला, एकेका पाठीवरचं एकेक ठिगळ बघून काढलं, आणि ह्याला ते पुसून टाकायचंय, कारण गाव ते गाव! मी त्याच्या हातातला गठ्ठा काढून घेतला.

"ही पाठ अशीच छापणार. खेळता येत असेल तर खेळा, नसेल तर बघत बसा!"

तो गेल्यावर माझ्याच लक्षात आलं, मी काय बोलून बसले ते. काकांनी ब्रशचा डबा परत फळीवर ठेवला होता. साजिदभाईंनी न सांगता तीन चहा मागवले.

*

मग पुसेगावचं लग्न. मुलीच्या वडिलांनी पत्रिका आमच्याकडेच छापली होती. आपल्याकडे वऱ्हाड आलं की जानोशात, म्हणजे त्यांच्या उतरायच्या जागी, सतरंजी, पान-सुपारी आणि पत्त्यांचा नवा कॅट ठेवायची रीत. त्यांनी आमचे नमुन्याचे दोन कॅट हौसेने नेले. आम्हालाही आमंत्रण होतं. वऱ्हाड शिरड शहापूरचं, काकांच्या गावचं.

साडेअकराला जानोशातून गलका. मुहूर्त बाराचा. जाऊन बघते तर नवरदेवाचा मामा फेटा काढून बसलेला. "मी मांडवात येणार न्हाई!"

झालं असं, की मामा पत्त्यावर होता. सत्तीवर. आणि मामाचा साडू, जो समोरच बसून खेळत होता, तो नव्वीवर!

"मी नवरदेवाचा सख्खा मामा आणि मी सत्ती? आणि हा काल आलेला साडू नव्वी? माझ्या अंगावर ह्यानं दोनदा नव्वी टाकून हात उचलला! सगळ्या वऱ्हाडासमोर!"

साडू मिशीला पीळ देत बसला होता. मुलीचे वडील हात जोडून उभे. बिचाऱ्यांचा काय दोष? सोयरीक मोडायची वेळ, आणि कशावरून, तर सत्तीवरून! मला असं वाटलं, दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत.

काकांना पुढे केलं. ते मामाजवळ मांडी घालून बसले.

"आकडा मानाचा न्हाई, पाव्हणं. एक्क्याची लेकरं सोडली, तर ज्या घरात जितकी माणसं जेवतात, तितका आकडा. तुमच्या घरी सात जेवतात. साडूच्या घरी नऊ. दहाच्या वर गेली ती राजा, राणी, जोडीदारात. म्या दारात बसून मोजून टाकलंय."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. आठ महिने माझ्या दुकानात बसून हा माणूस हे करत होता आणि मला पत्ता नाही! "काका, मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? माणसाला आकडा लावायचा, तर कायतरी खरं नको का त्याच्यामागं?"

मामाचं समाधान होईना. "ते काय बी असो. मला दश्शी करा, मग येतो."

तेवढ्यात दाराआडून मामी बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात अक्षतांचं ताट.

"सत्तीच ऱ्हाऊ द्या! दश्शी झाली तर वाढीव तीन माणसांच्या भाकरी तुमी थापणार का?"

लग्न बारा वाजून दोन मिनिटांनी लागलं.

*

छपाई सोमवारी ठरली. कागद आला, कोपरे गोल करायची डाय आली. शनिवारी सकाळी काका दुकानात आले ते बसलेच नाहीत.

"ताई, येक मानूस गळलं."

सेनगावच्या बाजूला एका वाडीत कोंडाबाई राहते. काका तिला मावशी म्हणतात. सत्तरीची, चार शेळ्या, थोडी मेंढरं, तुकडाभर रान. ती आणि तिचा नवरा लिंबाजी, घरात दोघंच. म्हणून कोंडाबाई बोंडाची दुर्री. आणि काकांना त्या दिवशी बाजारात कळलं होतं, की लिंबाजी महिन्यामागं वारला.

"आता घरात येकच जेवतं," काका म्हणाले. "येक म्हंजी एक्का. एक्क्यांवर चार लेकरं बसलीत. कुणाला उठवू?"

"काका, राहू द्या ना दुर्री! कोण येतंय मोजायला?"

"म्या मोजतो ना. खोटा आकडा छापायचा, तर बाकीच्या एकावनांचा बी खोटाच. आन खरा छापायचा, तर मावशी बाहेर. तिला जबान दिलीय म्या."

मला राग आला. काकांच्या हट्टाचा आला, त्या नियमाचा आला, आणि देवाशप्पथ सांगते, त्या बिचाऱ्या लिंबाजीचासुद्धा आला. सोमवारपर्यंत थांबायला काय झालं होतं! असं मनात येतं माणसाच्या. मग स्वतःचीच लाज वाटते.

"तिला तोंडावर सांगाया पायजे," काका म्हणाले. "चोरून काढणार न्हाई." मी स्कूटी काढली.

पोचलो तेव्हा दुपारचं ऊन होतं. कोंडाबाई चुलीपुढे भाकरी करत होती. "आलास व्हय रं गंगाधर? बस," म्हणाली, मला पाट सरकवला. काका बसले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आकडा कसा, एक्के कसे भरलेत, का जमत नाही. शेवटी त्यांनी नमुन्याची दुर्री तिच्या हातात दिली.

तिने पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि पत्ता बघितला. उलटा केला. मागच्या बाजूला ती पाठमोरी, डोक्यावरून पाठीवर सोडलेली घोंगडी, घोंगडीला खालच्या कोपऱ्यात एक पांढरं ठिगळ.

"ह्ये त्यांनी लावलं हुतं," ती म्हणाली. "काळी लोकर सरली हुती म्हनून पांढरी लावली. ह्ये बी काढलंस तू."

"व्हय मावशी."

"आन आता पुसतूस?"

कोंडाबाईने तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगली, काढली. मग एकदम तिचा आवाज चढला.

"कोन जेवतं कोन न्हाई ह्ये तू बाजारात ऐकतूस व्हय रं? माह्या दारात येऊन मोजलं हुतंस ना पयल्यांदा? मंग आता बाजारातून काहून मोजलंस? तुला काय तकलीफ हुती हितं यायला?"

"मावशी, पर..."

ती उठली. भिंतीशी दोन ताटल्या उपड्या ठेवलेल्या होत्या, त्या दोन्ही घेतल्या. दोन्हींत भाकरी वाढली, दोन्हींत पिठलं वाढलं, दोन्हींत कांदा ठेवला. एक ताटली स्वतःपुढे ओढली, दुसरी काकांच्या पायाशी सरकवली.

"बस."

"म्या जेवून आलो, मावशी."

"बस म्हनलं ना!"

काका बसले. तिने घास घेतला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. काकांनी भाकरी मोडली. घास तोंडात घातला.

"मोज आता," ती म्हणाली.

मला राहवेना. पिठल्याचा वास, सकाळपासून पोटात काही नाही, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. मी पाट पुढे सरकवला आणि म्हटलं, "मावशी, मलाही वाढा थोडं."

कोंडाबाईने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आदळला.

"बाई, तुमी निस्तं पानी प्या. तुमी जेवलात का तिर्री व्हईल!"